पायाला मुंग्या, तोंडाला कुलूप

फिजिओथेरपीच्या खोलीत माझ्या शेजारच्या गादीवर एक शाळामास्तर येतात. येतात म्हणजे आणले जातात. मानेखालचं त्यांचं अंग अजून झोपलेलं आहे. त्यांची बायको कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून मला बघते. मी वॉकर धरून या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जातो आणि ती माझी पावलं मोजते. एक दिवस तिने विचारलंच, "भैया, आप भी ऐसे ही थे क्या?" मी म्हटलं, "इससे भी गए-गुजरे." तिचा चेहरा असा उजळला की या आजाराचा कोणाला तरी उपयोग झाला असं मला पहिल्यांदा वाटलं.

तिच्यासाठी हे लिहितो आहे. दुसरं कारण एवढं थोर नाही. बोटांना व्यायाम म्हणून मला रोज एक पान हाताने लिहायला सांगितलं आहे. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. माझी मुलगी पूर्वा ते टाइप करणार आहे आणि मास्तरांच्या बायकोसाठी हिंदीतही उतरवणार आहे, म्हणजे पहिली वाचक तीच. त्यामुळे यात खोटं लिहायची सोय नाही.

आजाराचं नाव लांबलचक आहे, डॉक्टर जीबीएस म्हणतात. आपलंच शरीर आपल्याच नसांवर उलटतं, एवढं समजलं तरी पुरे. बाकीचं मोबाइलवर शोधू नका. मी शोधलं नाही, कारण माझी बोटंच हलत नव्हती. तेवढं एक बरं झालं.

बावीस वर्षांची हौस

मी भिलाईच्या पोलाद प्लांटात, रेल्वेचे रूळ बनतात त्या रेल मिलमध्ये चौतीस वर्षं काढली, शेवटची अकरा फोरमन म्हणून. मूळचे आम्ही भंडाऱ्याकडचे. वडील भिलाईला प्लांटात लागले आणि त्यांच्या मागोमाग मी.

बावीस वर्षांपूर्वी प्लांटची प्रवास-सवलत, म्हणजे एलटीसी घेऊन मी आणि माझी बायको कुसुम अंदमानला गेलो होतो. पूर्वा तेव्हा तीन वर्षांची, तिला आजीजवळ ठेवलं होतं. प्लांटच्या वसाहतीत, मरोद्याच्या क्वार्टरमध्ये तेव्हा आई, वडील, धाकटा भाऊ आणि येणारे-जाणारे. नवरा-बायकोला दोन वाक्यं बोलायची तर भाजी आणायच्या निमित्ताने बाहेर पडावं लागे. पोर्ट ब्लेअरहून बोटीने जायचं एक लहानसं बेट आहे, सायकलवर अर्ध्या दिवसात पालथं घालता येतं. तिथे आम्ही तीन दिवस राहिलो आणि लग्नानंतर पाच वर्षांनी एकमेकांशी ओळख करून घेतली.

कुसुम वैनगंगेकाठच्या गावची, पण पोरींनी नदीत उतरायचं नाही असा तिच्या घरचा दंडक. मी तिला कमरेएवढ्या पाण्यात नेलं, पाठीखाली तळहात धरला आणि आडवी हो म्हटलं.

"सोडू नका जी! सोडलं तर पाहा!"

मी सोडलं नाही. हळूहळू तिचं अंग सैल झालं, कान पाण्यात गेले, आणि ती आभाळाकडे बघून हसायला लागली. एवढं मोकळं हसताना मी तिला त्याआधी पाहिलं नव्हतं आणि त्यानंतरही फारसं नाही.

"पुन्हा येऊ," असं परतताना बोटीवर ठरलं. मग आईचं आजारपण आलं, पूर्वाची बारावी आली, स्मृती नगरचं घर बांधायला काढलं. दर वेळी एलटीसी भंडाऱ्याला नाहीतर शिर्डीला खर्ची पडली. कुसुमने कधी तक्रार केली नाही. फक्त टीव्हीवर समुद्र दिसला की ती हातातलं काम थांबवून बघत बसायची.

मी रिटायर झालो. शॉपमध्ये, म्हणजे आमच्या खात्यात, विदाई झाली, शाल-श्रीफळ झालं, माझ्या हाताखालचा देवांगन आणि इतर पोरांनी गळ्यात हार घालून, ढोल वाजवत मला घरापर्यंत आणून सोडलं. त्या विदाईच्या जेवणाने माझं पोट चार दिवस बिघडलं. मी त्याला महत्त्व दिलं नाही. हा आजार बरेचदा अशा बिघडलेल्या पोटामागून येतो, हे डॉक्टरांनी नंतर सांगितलं. अंदमानची तिकिटं आधीच काढलेली होती. पंधरा दिवसांनी आम्ही निघालो.

शॉपच्या दाराशी

बेटावर उतरलो त्याच दुपारी पायाला मुंग्या आल्या.

आता रेल मिलच्या माणसाला पायाच्या मुंग्यांचं काय कौतुक? लोखंडी टोपीचे सेफ्टी शूज आठ तास घालून शिफ्ट सुटल्यावर काढले की तळपाय अर्धा तास झिणझिणतात. चौतीस वर्षं रोज झिणझिणले. मी वाळूत अनवाणी चालत होतो. मनाशी म्हटलं, शूजची सवय सुटते आहे, पाय कुरकुर करत आहेत. एक दिवस चालेल हे. हा माझा गैरसमज होता आणि त्याबद्दल मी स्वतःला माफ केलं आहे.

पुढच्या गोष्टीबद्दल केलेलं नाही. ती समजायला आमच्या शॉपच्या दाराशी असलेला बोर्ड माहीत हवा. विनाअपघात किती दिवस झाले, तो आकडा त्याच्यावर खडूने लिहायचा. फोरमन झाल्यापासून रोज सकाळी मीच तो पुसून एकाने वाढवत असे. कोणाला काही लागलं तर आकडा शून्यावर. लपवू नका, खरचटलं तरी सांगा, असंच साहेब लोक बजावत. पण आकडा तीनशेच्या वर गेला की आम्हालाच त्याची माया लागायची. आपल्यामुळे तो पुसला जावा, ही लाज कोणाला नको असे. माझा अंगठा एकदा दाराच्या फटीत चेंगरला, नख काळंनिळं झालं. मी त्याला चिंधी गुंडाळली, हातमोजा चढवला आणि शिफ्ट पुरी केली. झाकली मूठ सव्वा लाखाची, अशी आमची रीत. सांगणारा भित्रा, सोसणारा मर्द.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुंग्या गुडघ्यापर्यंत आल्या होत्या आणि बोटांतही होत्या. चहाचा कप मी दोन्ही हातांनी धरला. कुसुम तोवर साडी बदलून, पूर्वाने आणून दिलेला पंजाबी ड्रेस घालून तयार होती.

"चला न. पाण्यात जाचं आहे. बावीस वर्षं झाले."

गेलो. तीच जागा, तेच कमरेएवढं पाणी. मी तिच्या पाठीखाली हात धरला आणि ती आडवी झाली. तिची पाठ माझ्या तळहातावर आहे हे डोळ्यांना दिसत होतं, पण हाताला कळत नव्हतं. ओझं नाही, स्पर्श नाही, पाणी गार की कोमट तेही नाही. मी घाबरलो. खरंच घाबरलो. आणि तिला म्हटलं, "मस्त तरंगून राहिली तू."

मी सांगितलं असतं तर तिने त्या क्षणी सामान बांधलं असतं. बावीस वर्षांचा आकडा माझ्यामुळे शून्य झाला असता. मी मूठ झाकली.

तिसऱ्या दिवशी उजवा पाय घासत होता. सुदैवाने (असं मला तेव्हा वाटलं) कुसुमच म्हणाली, "आज कुठं जाचं नाई. इथंच बसू. थकली मी." जेवण तिने खोलीवरच आणलं. मी मनात देवाचे आभार मानले की हिला काही कळलं नाही.

चौथ्या दिवशी सकाळी खोलीच्या चार पायऱ्या उतरताना पाय माझे राहिले नाहीत. पडलो म्हणणंही बरोबर नाही. पोतं कोणीतरी सोडून द्यावं तसा खाली आलो.

खोटं

बेटावरच्या डॉक्टरांनी दहा मिनिटांत ओळखलं आणि पोर्ट ब्लेअरला पाठवलं. बोटीवरच्या लोकांनी मला प्लास्टिकच्या खुर्चीसकट उचललं. कुसुम शेजारी उभी राहून सबंध वाट माझं डोकं धरून होती, कारण बोट हलली की मान हलत होती. ती काही विचारत नव्हती. मीही समुद्राकडे बघत होतो. बाकी करण्यासारखं काही नव्हतं.

मोठ्या हॉस्पिटलात डॉक्टरांनी रबरी हातोडीने गुडघ्यावर मारलं. पाय हलला नाही. पुन्हा मारलं. गुडघा जसा काही दुसऱ्या कोणाचा.

"कब से है ये?"

कुसुम माझ्या उशाशी उभी होती. मी म्हणालो, "कल शाम से."

डॉक्टरांनाही मी खोटंच सांगितलं. बायकोसमोर तोंड उघडायची हिंमत झाली नाही. कुसुमने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि नजर हातोडीवर नेली. चोराच्या मनात चांदणं. मला वाटलं, हिला संशय आला.

मग डॉक्टर म्हणाले, एका श्वासात आकडे मोजा. दुसऱ्या दिवशी सकाळी मी अठ्ठावीसपर्यंत गेलो. दुपारी सतरा. चार वाजता अकरा. अकरा वर्षं मी आकडा रोज एकाने वाढवला होता, आता तो तासातासाला उतरत होता आणि हातात खडूही नव्हता. नऊवर आल्यावर त्यांनी कुसुमला बाहेर बोलावलं. परत आली तेव्हा तिचा पदर डोळ्यांशी नव्हता, दातांत होता. "मशीन लावून राहिले," ती म्हणाली. "थोडे दिवस. भिऊ नका." ती बोलत असतानाच मला बाजूच्या खोलीत नेलं.

शेवटचं काय बोललो ते आठवतं. "चष्मा सांभाळ," म्हणालो. एवढ्या वर्षांच्या संसारात बोलायला मला हेच सुचलं.

छत

एकोणीस दिवस मशीनवर होतो. लोक विचारतात, शुद्ध होती का? होती, तीच तर अडचण. सगळं ऐकू येत होतं, सगळं समजत होतं, खाज सुटत होती, लाज वाटत होती. फक्त एकही गोष्ट हलत नव्हती. पापण्या तेवढ्या अर्ध्या मिटायच्या.

छताला चौकोनी पांढऱ्या फरशा होत्या. माझ्या वाट्याला बेचाळीस यायच्या, एका कोपऱ्यात पाण्याचा डाग होता. एका सकाळी नाकाच्या शेंड्यावर माशी बसली. ती फिरली, थांबली, पाय चोळले, पुन्हा फिरली. मी रेल मिलमध्ये लालभडक रूळ धावताना पाहिलेला माणूस. त्या माशीने मला रडवलं. डोळ्यांतून पाणी येतं आहे हे सिस्टरला दिसलं. तिने माशी हाकलली, रुमालाने नाक पुसलं आणि म्हणाली, "बस अंकल, इतनी सी बात?" त्या सिस्टरचं नाव मला माहीत नाही. मास्कच्या वरचे डोळे तेवढे ओळखीन.

आपले डायपर दुसऱ्याने बदलायचे, तेही पोरीच्या वयाच्या मुलींनी. पहिल्या दिवशी मेलो तर बरं असं वाटलं. पाचव्या दिवशी तेवढं तीव्र वाटलं नाही. दहाव्या दिवशी वेळेवर बदलला नाही तर राग यायला लागला. सुधारणेची ही पहिली खूण होती असं मी आता म्हणतो.

कुसुमला सकाळी एक तास आणि संध्याकाळी एक तास आत सोडत. जी बाई भिलाईत सिव्हिक सेंटरच्या बाजारापलीकडे एकटी गेली नव्हती, ती त्या परक्या गावात लॉजवर एकटी राहत होती. औषध विमानाने मागवावं लागलं, त्यासाठी तिने किती जणांना हात जोडले ते मला नंतर कळलं. लॉजची बंगाली मालकीण तिला रोज डबा द्यायची. माशाचा डबा. कुसुम माळकरी घरातली, मासा शिवत नाही. तिने मासा बाजूला काढून भात खाल्ला आणि मालकिणीला वाईट वाटू नये म्हणून हे कधी सांगितलं नाही. आमच्याकडे सगळेच लपवण्यात पटाईत.

तक्ता

बाराव्या दिवशी सिस्टरने लहान मुलांच्या वॉर्डातून वर्णमालेचा तक्ता आणला. अनार, आम, इमली वगैरे. कुसुमने अक्षरांवरून बोट फिरवायचं आणि हवं ते अक्षर आलं की मी पापणी मिटायची.

आता मला एकच गोष्ट सांगायची होती. भीती होती की हे मशीन थांबलं तर ती गोष्ट माझ्याबरोबरच जाईल. कुसुम बोट फिरवत गेली. ल आला, मी पापणी मिटली. पुन्हा सुरुवातीपासून. प आला, मिटली. व आला, मिटली.

लपव. पुढचं एकच अक्षर राहिलं होतं.

कुसुमने तक्ता खाली ठेवला. ओला कापूस घेऊन माझे ओठ पुसले. "थकून राहिले तुमी," ती म्हणाली. "राहू द्या. बरे झाल्यावर सांगा." मी पापण्या आपटत राहिलो. तिने वर पाहिलंच नाही. मी मनातून चिडलो. एवढं एक वाक्य बोलायचं होतं आणि तेही हिला ऐकायचं नव्हतं.

पूर्वा

पूर्वा हैदराबादला नोकरी करते. ती आली, माझ्या कपाळावर हात ठेवला आणि म्हणाली, "बाबा, टेंशन नका घेऊ. मैं हूँ ना." नंतर डॉक्टरांशी बोलून परत आली ती रागाने लाल होऊन. माझ्या पलंगाच्या पायाशी आई उभी होती.

"आई, डॉक्टर बोल रहे हैं, एका दिवसात असं होत नाही. तीन-चार दिवस आधीपासून त्रास असणार. तू सोबत होती न? चौबीसों घंटे? तुले एकदाही दिसलं नाई?"

कुसुमने माझ्या पायावरची चादर सारखी केली.

"पाय घासला असेल, हातातून काही पडलं असेल. तुले तुझं पाणी, तुझा समुद्र. बाबांकडे बघितलंच नाई तू!"

माझ्या छातीत ते मशीन एका लयीत हवा भरत होतं आणि काढत होतं. मला ओरडायचं होतं. तिला काय माहीत असणार, मी लपवलं, माझी चूक आहे, तिला बोलू नको. पापण्या मिटल्या. कोणी बघत नव्हतं. माझ्या बायकोला माझ्या डोळ्यांदेखत माझी पोर माझ्या चुकीची शिक्षा देत होती आणि मला बोटभरही हलता येत नव्हतं. या आजारात मी जे जे सोसलं त्यात हे सगळ्यात वाईट. नळीपेक्षा, सुयांपेक्षा, त्या माशीपेक्षाही वाईट.

कुसुम एवढंच म्हणाली, "नाई पाहिलं, बाई. चुकलं माझं."

त्यानंतर दोघी माझी सेवा करत, पण एकमेकींशी कामापुरतं बोलत.

घरी

मशीन निघालं. आवाज आला, आधी फक्त वाऱ्यासारखा. दोन महिन्यांनी मला स्ट्रेचरवर रायपूरला आणि तिथून भिलाईला आणलं. देवांगन दारात उभा होता. मला बघून त्याला रडू फुटलं, ते लपवायला छत्तीसगढीत म्हणाला, "का भइया, समुंदर देखे बर गे रहेव, अउ खटिया धर के आ गेव?" समुद्र बघायला गेलात आणि खाट घेऊन आलात, असं. मी हसलो. चेहऱ्याची एकच बाजू हसली.

मास्तरांच्या घरच्यांनो, हे तुमच्यासाठी. घरी आल्यावर सोपं होतं असं समजू नका. हॉस्पिटलात तुम्ही पेशंट असता, घरी तुम्ही ओझं असता. निदान तुम्हाला तसं वाटतं. कुसुम मला उठवायची, बसवायची, धुवायची. तिची कंबर गेली, पट्टा लागला. मी तिच्यावर ओरडायचो. वरण गार आहे, उशी उंच आहे, पंखा बंद कर, पंखा लाव. एक दिवस तिने भरवलेला घास मी थुंकला, मुद्दाम. ती उठून मागच्या अंगणात गेली आणि अर्धा तास आली नाही. मी त्या अर्ध्या तासात हाका मारत होतो आणि माझा आवाज दारापर्यंतही जात नव्हता. परत आली, पातेलं घासलं, पुन्हा वरण गरम केलं. मी माफी मागितली नाही. लाज वाटली की मी जास्तच तिरसट होतो.

आणि ते एक वाक्य? आता तर तोंड होतं, जीभ होती. तरी मी बोललो नाही. उद्या बोलू, म्हणायचो. पूर्वा दर रविवारी फोन करायची, माझ्याशी वीस मिनिटं बोलायची आणि "आईला द्या" म्हणून दोन मिनिटांत फोन ठेवायची. मी ऐकत पडायचो. कुसुमवरचा डाग मला एका वाक्यात पुसता आला असता. इतके महिने मी तो राहू दिला. मशीनवर असताना माझा नाइलाज होता, हा मात्र निव्वळ भित्रेपणा होता.

रविवार

मागच्या महिन्यात मी पहिल्यांदा वॉकर धरून अंगणापर्यंत गेलो. हत्ती गेला, शेपूट राहिलं असं सगळे म्हणाले. पावलाला आधाराची पट्टी आहे, बोटं पुरती मिटत नाहीत, पण उभा आहे. ऊन चांगलं होतं. कुसुम माझ्या हाताला तीळतेल चोळत होती. रविवार होता. फोन वाजला आणि मी तिला म्हटलं, स्पीकरवर टाक.

पूर्वा म्हणाली, "बाबा, चाललात म्हणे आज! व्हिडिओ भेजो ना."

"पूर्वा," मी म्हटलं, "आधी ऐक. बेटावर उतरल्याच्या दिवशीच मुंग्या आल्या होत्या. दुसऱ्या दिवशी हाताला काही समजत नव्हतं. मी आईले सांगतलं नाई. डॉक्टरलेही खोटं बोललो. तिची सुट्टी खराब नको व्हायला म्हणून लपवलं. आईचा काही दोष नाई."

कुसुमचा हात माझ्या मनगटावर थांबला होता.

"म्हणजे..." पूर्वाचा आवाज चिरकला. "म्हणजे मी आईला इतके महिने उगाच... आई? आई, तू बोली क्यों नहीं? तुले तर काही माहीतच नव्हतं!"

आता कुसुमने नुसतं गप्प राहायचं होतं. सगळं निस्तरलं होतं. पोर रडत होती, माफी मागणार होती. कुसुमने फोन जवळ ओढला.

"माहीत होतं, बेटा," ती म्हणाली. "पाण्यातच समजलं मले. पाठीखालचा हात पहिल्या खेपेसारखा नव्हता. थरथरून राहिला होता, अन् यायले पत्ता नव्हता. दुसऱ्या दिवशी पाय घासून राहिले तर मीच म्हटलं, आज कुठं जाचं नाई."

"आई..."

"बोलली असती तर यायनं लगेच सामान बांधलं असतं. मले वाटलं, दोनच दिवस त आहेत. दोन दिवसानं काय होते? बावीस वर्षं वाट पाह्यली होती मी. तक्त्यावर हे सांगू लागले तवा मी तक्ताच ठेवून देला. यायचं ऐकलं असतं तर मले माझं सांगा लागलं असतं."

मला राग आला. लिहिण्यात खोटं नको म्हणून हेही लिहितो. एक क्षण असा राग आला की वॉकर फेकावासा वाटला. मी एकोणीस दिवस छत बघत होतो, आणि हिला माहीत होतं! मग लगेच लक्षात आलं की हिलाही नेमकं हेच म्हणता आलं असतं. माझ्याबद्दल. आणि तिने महिनोन्महिने तोंडातून एक शब्द काढला नव्हता, पोरीचे बोल खाल्ले होते, माझं थुंकलेलं वरण पुसलं होतं. मला रडू आलं. आता चेहऱ्याच्या दोन्ही बाजू रडतात.

लवकर बोललो असतो तर मशीन टळलं असतं का? मी डॉक्टरांना अलीकडे विचारलं. ते म्हणाले, कदाचित टळलं असतं, कदाचित नाही. या कदाचितचं आम्ही काय करायचं, ते आम्हाला समजत नाही. मास्तरीणबाई, तुम्हाला मात्र एवढंच सांगतो. घरात कोणाचं काहीही दुखत असेल, झिणझिणत असेल, तर त्या दिवशी सांगा आणि दिसलं तर त्या दिवशी विचारा. सुट्टी खराब झाली तर होऊ द्या.

फोनवर पूर्वा रडत होती आणि मधूनच हिंदीत काहीतरी बडबडत होती. "तुम दोनों ना... तुम दोनों..." याच्यापुढे तिचं वाक्य जात नव्हतं. कुसुम फोनकडे बघत बसली होती, तिचे हात तेलाने माखलेले. मी तिचा हात धरायला गेलो. माझी बोटं तिच्या तळव्यावर आली आणि तशीच उघडी राहिली, मूठ अजून मिटत नाही. तिने थोडा वेळ पाहिलं. मग दुसऱ्या हाताने माझं एकेक बोट घेतलं आणि आपल्या हाताभोवती मिटवलं.

"सोडू नका," ती म्हणाली.